पायापुरता समुद्र

दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी गेले, फराळाच्या डब्यांत चकलीचे तुकडे आणि चिवड्याचा चुरा तेवढा उरला, की आमच्यासारख्या घरांत एक विषय हटकून निघतो. 'चार दिवस कुठे तरी निवांत जाऊन यावे!' या वाक्यातले 'चार दिवस' ठरवायला रजेचा हिशेब पुरतो. 'कुठे तरी' ठरवायला नकाशा पुरतो. घोडे अडते ते 'निवांत' या शब्दापाशी. घरात पाच माणसे असली तर त्याचे पाच अर्थ निघतात आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ कोशातला वाटतो.

गेल्या वर्षी आमच्या जळगावच्या घरी या शब्दाचा अर्थ लावायला गच्चीवर रीतसर बैठक भरली. समुद्रावर जायचे, एवढे एकमताने मंजूर झाले. चिरंजीवांच्या मते निवांत जागा म्हणजे जिथे पोहण्याचा तलाव आहे ती. "अरे, समोर समुद्र असताना तलाव कशाला?" असे मी विचारले. "समुद्राचं पाणी खारट असतं, बाबा," असे उत्तर मिळाले. कन्येच्या मते निवांतपणा मोबाइलच्या रेंजवर अवलंबून होता. सौभाग्यवतींनी आपला अर्थ एका वाक्यात सांगितला : "सकाळी उठल्यावर 'आज भाजी काय?' हे जिथे मला कोणी विचारणार नाही, ते निवांत."

आई दिवाळीसाठी धुळ्याहून आली होती. ती तिथे माझ्या धाकट्या भावाकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, बाकी सगळे ठणठणीत. तिने अहिराणीत आपली मागणी मांडली : "माले तं फक्त समुद्रना काठे बसनं शे. हिंडनं नही."

आईने समुद्र एकदाच पाहिला होता. अनेक वर्षांपूर्वी वडिलांना उपचारासाठी मुंबईला नेले होते, तेव्हा टॅक्सीच्या काचेतून. उतरून पाहायला त्या वेळी ना सवड होती, ना मन. त्यानंतर तो विषय घरात कोणी काढला नव्हता. तिने आपण होऊन काढला तो त्या दिवशी गच्चीवर. त्यामुळे बैठकीत बाकीच्यांचे ठराव आपोआप मागे पडले.

आता, दारात मोटार उभी होती. पण आईला मोटार लागते. पारोळ्यापर्यंत जायचे तरी ती लिंबू हुंगत, डोळे मिटून बसते. शिवाय मोटारीने सुट्टीवर जाण्यात एक गोम आहे. चाक ज्याच्या हातात त्याला सुट्टी कसली? तो पहिला दिवस गाडी हाकतो, दुसरा दिवस कंबर शेकतो, तिसऱ्या दिवशी "जवळच तर आहे" म्हणून सगळ्यांना आणखी कुठे तरी नेतो, आणि चौथ्या दिवशी परत गाडी हाकतो. मोटार बरोबर असली की माणसाला एका जागी बसवत नाही. तेव्हा मोटार घरी ठेवायची, असा ठराव झाला.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. मोटारवाल्याची खोली चुकली तरी बिघडत नाही. समुद्र लांब निघाला तर तो गाडी काढतो, जेवण बरे नसले तर दुसऱ्या गावात जेवून येतो. बिनमोटारीच्या माणसाला ही चैन नाही. त्याचे चार दिवस त्या खोलीच्या आसपासच जायचे असतात. म्हणून त्याने गाव निवडण्याआधी घर निवडावे, आणि घर निवडण्याआधी एक माप ठरवावे. आमचे माप ठरले : आईची पावले. घरात जो सर्वांत हळू चालतो, त्याला जिथे कुणाचा हात न धरता समुद्रापर्यंत जाता येईल, ती जागा आपली.

हे माप घेऊन मी फोन करायला बसलो आणि एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. आजकाल सगळी अंतरे मोटारीच्या मिनिटांत सांगतात!

"समुद्र किती लांब आहे हो?"

"छे, छे, लांब कसला? पाच मिनिटं."

"चालत?"

"नाही, गाडीने."

गाडीची पाच मिनिटे म्हणजे तीन किलोमीटर. आईच्या पायांनी तो दीड तास झाला, आणि मध्ये दोनदा बसायला पार हवा. एका ठिकाणी खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून खोलीचे भाडे जास्त होते. चौकशी केली तेव्हा कळले, की खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे. समुद्र दिसेल खरा, पण आईला तो पुन्हा काचेतूनच पाहावा लागला असता.

तेव्हा मी प्रश्नांची एक यादीच करून टाकली. वाचकांनी ती कात्रण म्हणून जपून ठेवायला हरकत नाही. पहिला प्रश्न : खोलीपासून वाळूपर्यंत पावले किती, आणि मध्ये रस्ता, पायऱ्या किंवा खडक आहेत काय? दुसरा : खोली तळमजल्यावर आहे काय, आणि संडास खुर्चीसारखा बसायचा आहे काय? तिसरा : जेवण तिथल्या तिथे मिळते काय, आणि आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांना मासे तळण्याच्या आदल्या-मागल्या कढईतले तर मिळणार नाही ना? चौथा : स्टेशनावरून किंवा एस.टी. स्थानकावरून तुमच्याकडे यायला रिक्षा मिळते काय, आणि परत जाताना ती कोण बोलावून देणार? पाचवा, आणि हा सौभाग्यवतींचा : खोलीला स्वयंपाकघर आहे काय?

या पाचव्या प्रश्नावर एक बंगलेवाले फारच खूश झाले. "आहे तर! गॅस, भांडी, मिक्सर, सगळं आहे. तुम्ही आरामात घरच्यासारखं करून खा!" मी हे हिला आनंदाने सांगायला गेलो. हिने पोळी तव्यावर टाकता टाकता उत्तर दिले, "म्हणजे चूल बदलणार, बाई तीच राहणार." बंगला रद्द झाला.

मग गावांचा विचार. आपला कोकणचा किनारा एवढा लांब आहे, की निवडायला बसले तर पुढली दिवाळी येईल. पण माप हातात असले की निवड भराभर होते.

अलिबाग मला स्वतःला फार आवडते. जळगावहून रेल्वेने मुंबई सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. तिथे गेटवे ऑफ इंडियाजवळ लाँचमध्ये बसावे, तासाभरात मांडवा, आणि पुढे बसने अलिबाग. समुद्र गावालाच चिकटलेला, एस.टी. स्थानकावर उतरून पिशवी घेऊन चालत जावे. ओहोटीला वाळूतून पायी कुलाबा किल्ल्यात जाता येते. मात्र पावसाळ्यात लाँच बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. तरुण जोडप्यांना आणि शाळकरी पोरांच्या आईबापांना मी अलिबागच सुचवीन. आमचे अडले ते लाँचच्या फळीशी. हलत्या बोटीत चढणे-उतरणे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते.

गुहागरचे वर्णन ऐकून तर सगळेच हरखले. गावातून एक लांब रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडी संपली की वाळू. व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. बिनमोटारीच्या माणसासाठीच वसवल्यासारखे गाव! पण चिपळूण स्टेशनापासून तिथवर पंचेचाळीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे. आई म्हणाली, "लिंबं कितली लागतीन?" गुहागर मागे पडले.

गणपतीपुळ्याला देव आणि समुद्र एकाच अंगणात आहेत. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, मनमाड, कल्याण, पनवेल करीत रत्नागिरीला जाते. म्हणजे खानदेशातून गाडी न बदलता रत्नागिरी गाठता येते. ही सोय 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यामुळे झाली. पुढे एस.टी.ने पंचवीस-तीस किलोमीटर. देवदर्शनाची ओढ असणाऱ्यांनी जरूर जावे; मात्र तिथला समुद्र पोहणाऱ्यांना दगा देणारा आहे, पोरांना काठावरच ठेवावे. मालवणजवळच्या तारकर्लीला सुरूच्या झाडीत, वाळूला लागून सरकारी पर्यटन महामंडळाची राहण्याची सोय आहे. पाणी तर असे नितळ, की पाय दिसावेत. पण कुडाळ स्टेशनावरून मालवण तीस किलोमीटर आणि तारकर्ली आणखी सात-आठ. चार दिवसांतले दोन प्रवासातच जायचे.

तेव्हा मी नकाशावरचे बोट उचलून पुन्हा जळगाववर ठेवले आणि तापीच्या कडेने पश्चिमेकडे सरकवत नेले. आपण खानदेशी माणसे समुद्र म्हटला की मुंबईकडे पाहतो. पण आपली तापी कुठे मुंबईला जाते? ती आपली सरळ पश्चिमेला जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. आणि तिच्या खोऱ्यातून 1900च्या सुमारास घातलेला लोहमार्गही जळगावहून अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत सुरतेकडे जातो. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. ना कसाऱ्याचा घाट, ना मुंबईची गर्दी. सुरतेहून दक्षिणेला वळले, की वलसाड, वापी, आणि महाराष्ट्राची हद्द लागली की घोलवड आणि डहाणू रोड. घोलवड स्टेशनाजवळ, रिक्षाच्या अंतरावर, बोर्डी!

बोर्डी हे नाव जुन्या वाचकांना ठाऊक असेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली खेड्यातल्या मुलांच्या बालशिक्षणाचे काम इथेच सुरू केले; पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गावाभोवती चिकूच्या वाड्या आहेत. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. किनारा सपाट, लांबच लांब, काठाने सुरूची झाडे. पाणी तारकर्लीसारखे निळे नाही, वाळू पांढरीशुभ्र नाही. फोटोच्या स्पर्धेत बोर्डीचा पहिला नंबर येणार नाही. पण आम्हाला फोटो काढायचे नव्हते, बसायचे होते.

बोर्डीत मी तीन ठिकाणी फोन केला आणि तिघांनाही एकच विनंती केली : "तुमच्या दारापासून वाळूपर्यंत स्वतः चालून पावलं मोजून सांगाल का?" पहिले गृहस्थ हसले. दुसऱ्यांनी फोन ठेवून दिला. तिसऱ्यांचा अर्ध्या तासाने उलट फोन आला. "दोनशे चाळीस. मध्ये डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, रविवारी त्यावर गाड्या फार असतात. तुम्ही सोमवारी या. आणि आजींसाठी एक खुर्ची सुरूखाली नेऊन ठेवतो." त्यांच्या वाडीत तळमजल्याच्या तीन खोल्या होत्या, जेवण त्यांच्या घरचे, आणि पोहण्याचा तलाव नव्हता. मी तिथल्या तिथे पैसे पाठवले.

आता राहिली तारीख. बोर्डीच्या किनाऱ्याचा एक गुण समजा किंवा अवगुण : तो इतका सपाट आहे, की ओहोटीला पाणी फार दूर जाते. दोनशे चाळीस पावले चालून गेल्यावर समुद्रच घरी नाही, असे व्हायचे. यावर कोकणातल्या जुन्या लोकांचा एक हिशेब कामी आला. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरते, हे त्यामागचे गणित. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडे पुढेमागे होते, पण खोली ठरवायला पुरेसा आहे. भिंतीवरच्या कालदर्शिकेत पाहिले : कार्तिक शुद्ध अष्टमी, भाऊबिजेनंतर सहा दिवसांनी. भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी सूर्य बुडताना. शिवाय अष्टमीची भरती ही भांगाची. पौर्णिमेच्या उधाणासारखी अंगावर येत नाही. आईला समुद्रापर्यंत फार चालता येत नाही ना? मग समुद्रानेच थोडे चालत यावे, अशी तिथी आम्ही धरली.

निघालो सप्तमीला. आई जळगावलाच होती. भाऊ आणि भावजय धुळ्याहून एस.टी.ने नरडाण्याला येऊन त्याच गाडीत चढले. एस.टी.त 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आणि 2022 पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत. उलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत 2020 साली काढून घेतली, ती मात्र आईला पूर्ण भाड्याने पावली. गाडीत तिने लिंबू पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नाही. खिडकीशी बसून कापसाची शेते पाहिली, डब्यातल्या दोन अनोळखी बायकांच्या सुनांची चौकशी केली, आणि नवापूरला स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे हे कळल्यावर नातवाला उतरवून "कोणत्या राज्यातला चहा चांगला, ते पाहून ये" म्हणून पिटाळले. सुरतेला गाडी बदलून विरारकडची संथ पॅसेंजर धरली आणि घोलवडला उतरलो. रिक्षा वाडीवाल्यांनीच सांगून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आई काठी घेऊन निघाली. कुणी हात धरायला गेले की झिडकारीत होती. दोनशे चाळीस पावले ही वाडीवाल्यांची. तिची तीनशे नव्वद झाली, असे नातवाने मोजून सांगितले. सुरूखाली खुर्ची होती. पाणी अजून बरेच आत होते, पण येत होते. एक रेघ पुढे सरके, थांबे, मागे जाई, पुन्हा थोडी अधिक पुढे येई. पाऊणएक तासात फेस तिच्या खुर्चीपासून दहा हातांवर आला. तिने चपला काढल्या आणि उठून चार पावले गेली. पाणी घोट्यापर्यंत आले. तिने वाकून ओंजळ भरली आणि डोळ्यांना लावली.

"आपली तापी आठेच येस का?" तिने विचारले.

तापी याहून उत्तरेला सुरतेजवळ येते, पण पाणी एकच, असे मी सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

"तवय टॅक्सीमाईन दखा तो हाऊच का?"

मी हो म्हटले.

"तवय कितला काळा दिसना व्हता," ती म्हणाली आणि परत खुर्चीत येऊन बसली.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही काहीही पाहिले नाही, हे मला अभिमानाने नमूद करावेसे वाटते. सकाळी पाणी आत गेले की पोरे ओल्या वाळूत शंखशिंपले वेचायला जात. तलावाचे नाव निघाले नाही. कन्येच्या मोबाइलला रेंज होती, पण तो चार्ज करायचे तिला सुचले नाही. सौभाग्यवती दुपारी तीन-तीन तास झोपल्या. एकदा मात्र वाडीवाल्यांच्या बाईंनी जेवायला बसताना सहज विचारले, "ताई, उद्या भाजी काय करू?" हिने माझ्याकडे असे पाहिले, की मीच घाईघाईने "तुम्हाला आवडेल ती!" म्हणून टाकले. तिथले जेवण गोडसर. आईने सोबत आणलेली ठेच्याची बरणी तिसऱ्या दिवशी वाडीवाल्यांच्याच पानात संपली. येताना तिच्यातून चिकू आले.

खर्चाचे म्हणाल, तर मोटारीचे पेट्रोल, टोल आणि वाटेतल्या हॉटेलांची जेवणे यांचा जो हिशेब मी आधी मांडून ठेवला होता, त्याहून पुष्कळ कमी पैशांत आठ माणसांचे चार दिवस झाले. पण काटकसर हा या गोष्टीतला दुय्यम लाभ. मुख्य लाभ असा, की परत आल्यावर कुणालाही विश्रांतीची गरज नव्हती.

या दिवाळीनंतर वाचकांपैकी पुष्कळ जण समुद्राकडे निघतील. कुणी अलिबागला जाईल, कुणी गुहागरला, कुणी तारकर्लीला. सगळीच गावे चांगली आहेत. मात्र खोली पक्की करण्याआधी घरातले सर्वांत हळू चालणारे माणूस कोण, ते पाहावे. ते आजी असेल, नुकतेच पाय फुटलेले बाळ असेल, किंवा हृदयविकारातून उठलेले काका असतील. त्यांच्या पावलांनी अंतर मोजायला लावावे. जो घरमालक ते मोजून सांगेल, त्याच्याकडे उतरावे. आणि निघण्यापूर्वी कालदर्शिकेत तिथी पाहून तिची पाऊणपट करायला विसरू नये.